सोमवारचा भाग

"आवाज वाढव गं निकिता," रंगुबाई म्हणाली. "थोरली काय बोलती त्ये ऐकूच यीना."

निकिताने रिमोट दाबला. पडद्यावर मालिकेतली थोरली सून देव्हाऱ्यापुढे हात जोडून उभी होती. अंगावर मोरपंखी पैठणी, डोळ्यांत पाणी. तिचे ओठ हलले आणि टीव्हीतून कुकरची शिट्टी ऐकू आली.

बैठकीत हशा पिकला.

"बया, देव्हाऱ्यातच भात लावला का हिनं?"

"पैठनी नेसून?" मागून कुणीतरी म्हणाले. "आमी लग्नातबी भात साध्या लुगड्यावर लावला."

रतनबाई हसल्या नाहीत. आपल्या घरात घडलेली कोणतीही चूक त्यांना कधी विनोदी वाटली नव्हती, आणि ही चूक तर त्यांच्या जावयाच्या हातून आलेल्या वस्तूत होती.

मिरजगावात हमरस्त्याला लागून त्यांचे स्लॅबचे घर होते. पुढच्या पडवीत दूध संकलन केंद्र होते. नवऱ्यामागे ते त्यांनी स्वतः उभे केले आणि अजूनही दुधाच्या मापावर दुसऱ्या कुणाचा हात पडू दिला नाही. संध्याकाळी ज्या वेळी घरोघर मालिका लागत, नेमक्या त्याच वेळी आळीतल्या बाया किटल्या घेऊन रतनबाईंच्या दारात उभ्या असत. म्हशी काही मालिका संपेपर्यंत थांबत नाहीत. हा तिढा सोडवला त्यांच्या जावयाने, भागवतने. तो नागापूरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात माल तपासण्याच्या खात्यात होता, आणि त्याच्या घरी एक जुना कॉम्प्युटर होता. त्यात त्याने टीव्हीचे कार्ड बसवून घेतले. डिशच्या डब्याची तार कॉम्प्युटरला जोडली की टीव्हीवरचे सगळे कार्यक्रम त्यात दिसत, आणि ठरवून दिलेल्या वेळी तो आपोआप रेकॉर्डिंग सुरू करी, आपोआप थांबवी. आठवड्याचे पाच भाग भागवत पेनड्राइव्हवर उतरवून देई. रतनबाईंचा दुधाचा टेम्पो नगरला रोज जात असे. टेम्पोवाला कारभारी शनिवारी येताना नागापूरला थांबून तो पेनड्राइव्ह घेऊन येई. रविवारी दुपारी दोनला आळीतल्या बाया भांडीकुंडी आवरून रतनबाईंच्या बैठकीत जमत.

"माजा जावई," रतनबाई प्रत्येक रविवारी सुरुवातीला म्हणत, आणि पुढचे वाक्य दर वेळी वेगळे असे. आज त्या म्हणाल्या होत्या, "माजा जावई आता घरात बसून कंपनीच्या मीटिंगा करतो. माईक आनलाय त्यानं. साहेबलोकं मुंबईत आन् हा घरात."

पडद्यावर आता हळदीकुंकू सुरू झाले होते. पंधरा-वीस नटलेल्या बाया एकमेकींना कुंकू लावत होत्या. टीव्हीतून भांडे घासल्याचा आवाज आला, नळ बंद झाल्याचा आला, आणि मग एक पुरुष खोकला.

निकिता पुढे सरकली. ती सूर्यभानची बायको, रतनबाईंची सून, आणि घरात कॉम्प्युटर शिकलेली एकटीच. "आत्याबाई, चित्र टीव्हीवरचं आलंय, पण आवाज त्यांच्या घरातला आलाय. त्यो मीटिंगचा माईक चालूच राह्यला आसंल. कॉम्प्युटरनं मालिकेचा आवाज घ्यायच्या ऐवजी खोलीतला घेतला."

"मंग जावयाचा खोकला ऐका," रंगुबाई म्हणाली. "त्योबी फुकाटच हाय."

पुन्हा हशा झाला. तो पुरता विरायच्या आत टीव्हीतून भागवतचा आवाज आला. ओळखीचा, मऊ, एकेक शब्द वेगळा ठेवून बोलणारा.

"लायटर कुठंय?"

"तिथंच हाय की. ओट्यावर." हा आवाज ज्ञानेश्वरीचा होता, रतनबाईंच्या लेकीचा.

"ओट्यावर कुठं?"

ओट्यावरची भांडी सरकल्याचा आवाज आला.

"त्याची जागा कुठली ठरलीय?"

"खिळ्याला. घाईत ऱ्हायला."

"इकडं ये."

हळदीकुंकवातल्या एका बाईने दुसरीच्या ओटीत नारळ घातला आणि दोघी तोंडभर हसल्या.

"हात खाली घे," भागवत म्हणाला.

मग एक आवाज झाला. ओल्या कापडाने फरशी झोडपावी तसा. बैठकीतली एकही बाई त्या आवाजाला फसली नाही. त्यांतल्या बहुतेकींना तो कशाचा आहे हे सांगावे लागत नव्हते.

"हात खाली घे म्हणतो ना. तोंडावरचा हात काढ."

पुन्हा तोच आवाज. लगेच पुन्हा. मग काहीतरी लाकडावर आदळले आणि ज्ञानेश्वरीच्या तोंडून, दात आवळून धरले की निघतो तसा, श्वासासारखा हुंकार निघाला. ती ओरडली नाही. ती म्हणाली, "लागतंय हो," आणि तेही अशा हलक्या आवाजात, की जणू शेजारच्या खोलीत कुणी झोपले असावे.

"टेबलाला धक्का देऊ नको," भागवत म्हणाला. "आईंचं रेकॉर्डिंग चालू आहे."

निकिताने रिमोट उचलला. रतनबाईंनी हात पुढे केला आणि तो तिच्या हातातून काढून घेतला.

"आत्याबाई, बंद करते ना."

"न्हाई."

रंगुबाईने पदर सावरून जमिनीवर हात टेकला. "आमी निगतो, रतनआक्का. घरचं मानूस, घरातली गोष्ट."

"कुनी उठायचं न्हाई," रतनबाई म्हणाल्या. "माज्या घरात आजवर कुठली गोष्ट दार लावून झाली न्हाई. आर्धं ऐकून गेलात तर बाकीचं आपापल्या मनानं भरशाल. बसा. पुरतं ऐका."

आणि त्या बसल्या. या घरात रतनबाई बसा म्हणाल्या की माणसे बसत.

सोमवारचा भाग संपला. रतनबाईंनी स्वतः बटण दाबून मंगळवारचा लावला. मंगळवारी पोळी करपली होती. बुधवारी काहीच झाले नाही; भागवत जेवताना भाजी छान झाली म्हणाला, मग बराच वेळ एक अभंग गुणगुणत होता, आणि त्या शांततेत बैठकीतली एक बाई तोंडात पदर कोंबून रडू लागली. मारहाण ऐकताना ती रडली नव्हती. गुरुवारी हाताचा आवाज नव्हता. पातळ, लवचिक, हवा कापत येणारी काहीतरी वस्तू होती. भागवत म्हणाला, "ही पट्टी बघ. स्टीलची आहे. कंपनीत हिच्यानं आम्ही माल मोजतो. कधी चुकत नाही." शुक्रवारी सुरुवातीलाच ज्ञानेश्वरी बोलली.

"आज तोंडावर नका. उद्या शनवार हाय. कारभारी यील."

"मग पाठ कर," भागवत म्हणाला.

त्या वेळी पडद्यावर थोरली सून सासूच्या पाया पडत होती. भाग संपेपर्यंत रतनबाईंनी मान हलवली नाही. मग त्यांनी टीव्ही बंद केला आणि रिमोट खुर्चीच्या हातावर सरळ ठेवला.

"आमच्या येळंला आवाज भाईर जायाचा," रंगुबाई म्हणाली. तिच्या आवाजात चेष्टेचा मागमूस नव्हता. "मला मारायचा तवा पांडू आन्नाचं घर जागं व्हयाचं. कोन ना कोन दाराशी यिऊन खाकरायचं. तेवढ्यानंबी थांबायचा मेला. ह्यानं तर आवाजच ठिवला न्हाई."

"जावा आता," रतनबाई म्हणाल्या. "दुधाच्या टायमाला या."

ज्ञानेश्वरीच्या लग्नाला सहा वर्षे झाली होती. मूलबाळ नव्हते, आणि त्यावरून रतनबाई बोलत त्या लेकीलाच. जावयाला कधी नाही. दिवाळीला आलेली ज्ञानेश्वरी या खेपेला चार दिवस जास्त राहू का, असे विचारत होती. रतनबाईंनी विचारले होते, भागवतरावांच्या जेवणाचे काय? लेक दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने गेली.

शेजारच्या गाळ्यात सूर्यभानचे खताबियाण्यांचे दुकान होते. निकिताने त्याला बोलावून आणले आणि शुक्रवारचा भाग लावला. तो उभ्यानेच ऐकत होता. "मग पाठ कर" ऐकल्यावर तो बाहेर गेला. ट्रॅक्टरच्या सीटखालून त्याने टॉमी काढला, टायर उतरवायचा हातभर लांब लोखंडी दांडा, आणि पिकअपमध्ये टाकला. कारभारी पडवीत रिकामे कॅन धूत होता. सूर्यभानने त्याला नुसती मान हलवून बोलावले.

"फोन करून बघू का ताईला?" निकिताने विचारले.

"नको," रतनबाई म्हणाल्या. "फोन तिच्या हातात आसंल आन् कान त्याचा."

त्यांनी लुगडे बदलले. जावयाच्या घरी जाताना नेसत ते काठापदराचे नेसल्या, पायात चपला घातल्या आणि पिकअपमध्ये पुढे जाऊन बसल्या.

"आई, तू नगं यिऊस," सूर्यभान म्हणाला. "आमी बगतो काय त्ये."

"गाडी चालू कर."

नगरचा चांदणी चौक मागे पडल्यावर कारभारी एकदम म्हणाला, "दर शनवारी त्योच दारात यायचा, काकू. पेनड्राइव्ह कागदात गुंडाळून द्यायचा. पानी घेतो का, म्हनायचा. ताई काय मला दिसलीच न्हाई. मी म्हनलं, बामनावानी मानूस हाय, बायकूला भाईर येऊ द्यीत नसंल."

"तुला कुनी इचारलं?" सूर्यभान म्हणाला.

"बोलू दे त्याला," रतनबाई म्हणाल्या. "समद्यांनीच त्याला चांगला म्हनलंय. त्यात मी पयली."

नागापूरला कॉलनीतल्या तळमजल्यावरच्या घराचे दार भागवतने उघडले. इस्त्रीचा शर्ट, कपाळाला बुक्का. सासूला पाहताच तो पाया पडण्यासाठी वाकला.

"या आई. फोन तरी करायचा. ज्ञाना, आई आल्यात बघ."

तो वाकलेला असतानाच सूर्यभानने गुडघा वर घेतला. भागवतचे नाक फुटल्याचा आवाज बारीक होता. तो मागे भेलकांडला, सोफ्याच्या कडेवर आपटला आणि फरशीवर बसला. त्याच्या नाकातून रक्त इस्त्रीच्या शर्टावर उतरले. त्याने ते बोटाने पुसून पाहिले. डाग निघेल की नाही याचा अंदाज घ्यावा, तसे.

रतनबाई आत आल्या. त्यांनी दार लोटले, कडी घातली. टेबलावर कॉम्प्युटर होता. त्याच्या पुढ्यात बारकासा माईक मान वाकवून उभा होता. त्यांनी टेबलाजवळची खुर्ची ओढली, तिच्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "धर त्याला, कारभारी."

कारभारीने भागवतचे खांदे मागून धरले. सूर्यभानने त्याच्या तोंडात दोन ठोसे मारले, मग पोटात लाथ घातली. भागवत ओकला. सूर्यभान एक शब्द बोलत नव्हता. ऊस तोडताना माणूस बोलत नाही तसा, श्वास मोजून, एकाच जागी घाव घालत होता. मग त्याने टॉमी उचलला. भागवतने तोंडापुढे हात धरला.

"हात खाली घे," रतनबाई म्हणाल्या.

सहा वर्षांत त्यांनी जावयाला एकेरी हाक मारली नव्हती. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. दुधाच्या रांगेत पुढे घुसणाऱ्या बाईला मागे व्हा म्हणत, त्याच सुरात त्यांनी ते म्हटले.

भागवतने हात खाली घेतला नाही. टॉमी त्याच्या मनगटावर बसला. वाळलेले सरपण मोडते तसे ते मोडले, आणि तो किंचाळला, लांब आणि उंच. त्याच्या गळ्यात असा आवाज असेल असे कुणाला वाटले नसते.

"हात खाली घे म्हनते ना."

सूर्यभानने पुन्हा टॉमी उगारला. रतनबाईंची नजर तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दाराकडे गेली.

तिथे ज्ञानेश्वरी उभी होती. कणीक मळता मळता आली असावी. कोपरापर्यंत पीठ होते. तिचे डोळे मिटलेले होते. मान किंचित खाली होती, आणि दोन्ही हात तिने अंगासरशी, सरळ, खाली सोडले होते. नवऱ्याच्या ओरडण्याने नव्हे, आईच्या शब्दांनी. ती वाट पाहत होती.

रतनबाई उभ्या राहिल्या. "बास," त्या म्हणाल्या. "सूर्या, बास. टाक खाली त्यो."

टॉमी फरशीवर पडला. त्या आवाजाने ज्ञानेश्वरीचे अंग शहारले, पण हात वर आले नाहीत. रतनबाई तिच्याजवळ गेल्या.

"ज्ञानू, डोळं उघड. मी हाय."

तिने डोळे उघडले. खोलीभर पाहिले. नवरा, भाऊ, कारभारी, फरशीवरचे रक्त आणि ओकारी. तिने तोंड उघडले ते रडण्यासाठी नाही.

"तुमाला कुनी सांगितलं?"

"मालिकेतच आलं समदं. माईक चालू ऱ्हायला हुता. चित्र मालिकेचं आन् आवाज हितला."

ज्ञानेश्वरीने टेबलावरच्या माईककडे पाहिले. बराच वेळ पाहिले. "कंच्या दिसाचा?"

"पाचीबी दिवसांचा."

"आन् कोन कोन हुतं ऐकायला?"

रतनबाईंना या प्रश्नाची अपेक्षा नव्हती. "रविवार हुता. समद्या हुत्या."

"रंगुकाकू?"

"हुती."

"पयल्या फटक्यालाच तू बंद का न्हाई केलं?"

"म्या कशापायी बंद करायचं?" रतनबाई ताठ झाल्या. "लाज त्याला वाटावी. आपुन का लपवायचं? म्या बसवलं समद्यांना. म्हनलं पुरतं ऐका."

"आवाज माजा हुता, आई."

रतनबाईंनी लेकीच्या खांद्याकडे नेलेला हात मागे घेतला.

"सा वर्सं म्या त्यो भाईर जाऊ दिला न्हाई," ज्ञानेश्वरी म्हणाली. "हितं वरच्या मजल्यावरच्या मोनिकाशिवाय कुनाला ठावं न्हाई. त्याच्यासाटी न्हाई गं. मलाच नको हुतं कुनी ऐकायला. आन् तू पाची दिवस लावलंस." तिने पदराने कोपराचे पीठ पुसायला सुरुवात केली, सावकाश, खालून वर. "मिरजगावाला मी यायची न्हाई. त्या बायांच्या रांगंत मी कशी उभी ऱ्हाऊ? एकेक बाई माज्याकडं बगंल आन् तिच्या कानात मी म्हनंल, लागतंय हो."

फरशीवरून भागवत बोलला. मोडलेला हात त्याने छातीशी धरला होता. तोंड सुजले होते, तरी शब्द पुन्हा वेगवेगळे, जागच्या जागी येऊ लागले होते.

"आई, तुम्ही मोठ्या आहात. शांतपणे ऐका. तुमच्याजवळ पेनड्राइव्ह आहे. माझ्याजवळ हा हात आहे. घरात घुसून, लोखंडी हत्यारानं, तिघांनी. सूर्यभान आत जाईल. दुकान आहे त्याचं, लेकरं आहेत. तुम्ही तुमचं मिटवा, मी माझं मिटवतो. जिन्यावरून पडलो म्हणून सांगतो दवाखान्यात. ज्ञाना इथंच राहील. मी काही राग धरणार नाही."

पहिला सूर्यभान बोलला, आणि त्याच्या आवाजातले सगळे लोखंड गेलेले होते.

"आई, त्यो म्हनतो त्यात तथ्य हाय. त्याला आद्दल घडली. ज्ञानूला आपुन घिऊन जाऊ. हितं ठिवायची न्हाईच. पर पोलीस नगं. मिटवून टाकू."

"मी मिरजगावाला येनार न्हाई, म्हनले ना," ज्ञानेश्वरी म्हणाली. "आन् हितंबी ऱ्हानार न्हाई. मोनिकाची खानावळ हाय कंपनीच्या पोरांसाटी. तिला दुसरा हात पायजेच." पुढचे वाक्य तिने नवऱ्याकडे बघून म्हटले. "आन् मला केस करायचीय. सोमवारची, मंगळवारची, समद्याची."

"अगं, पर माजं काय?" सूर्यभान म्हणाला. "मी तुज्यापायी आलो ना?"

ज्ञानेश्वरीने भावाकडे पाहिले नाही. तिने आईकडे पाहिले. निर्णय या घराण्यात कुणाच्या तोंडून निघतात हे खोलीतल्या प्रत्येकाला, भागवतलासुद्धा, ठाऊक होते. भागवत तर सासूच्या तोंडाकडे अशा विश्वासाने पाहत होता, की त्याने माप आधीच घेऊन ठेवले असावे. लेक एका बाजूला, मुलगा, दुकान, दोन नातवंडे आणि घराण्याचे नाव दुसऱ्या बाजूला.

"कर," रतनबाई म्हणाल्या.

"आई?"

"तिची तिनं करावी. भागवतरावांची त्यांनी करावी." त्यांनी पुन्हा अहोजाहो सुरू केले होते. त्यात मान नव्हता, अंतर होते. "दोनीबी हूं देत."

"मला आत टाकत्याल, आई. निकिताला काय सांगू?"

"धर त्याला कोन म्हनलं? मी म्हनले. हात खाली घे कोन म्हनलं? त्येबी मीच. जे केलं त्ये आपुन केलं, त्याला जिना कशापायी म्हनायचं? तिनं सा वर्सं जिना म्हनलं आसंल. बास झालं त्ये आता." त्यांनी वाकून टॉमी उचलला. वाकताना गुडघ्यावर हात ठेवावा लागला. "कारभारी, रिक्षा बोलाव. ह्यांना आदी दवाखान्यात ने. हाड भाईर आलंय."

पोलीस ठाण्यात रविवारची संध्याकाळ होती. व्हरांड्यात समोरासमोर दोन बाके होती. एकावर ज्ञानेश्वरी बसली आणि तिच्या शेजारी मोनिका, खानावळीचा हिशेब अर्धा टाकून आलेली एक थोराड बाई. दुसऱ्यावर सूर्यभान, गुडघ्यांमध्ये हात धरून. मधे टेबलाशी हवालदार होता.

"आजी, फिर्यादी बाई तुमच्या कोण?"

"लेक."

"आणि हा?"

"ल्योक."

हवालदाराने पेन थांबवले. "मग तुम्ही कुणाकडून?"

"जे ऐकलं त्ये तिच्याकडून सांगनार," रतनबाई म्हणाल्या. "जे बगितलं त्ये ह्याच्याइरुद्ध. आन् ह्याच्यासंगं माजंबी नाव ल्ह्या. हुकूम माजा हुता."

"आजी, तुमच्या वयाला—"

"ल्ह्या."

त्याने लिहिले. सूर्यभानने एकदा वर पाहिले, आणि मग भिंतीकडे तोंड फिरवले. त्याच्या खिशातला फोन वाजत होता, थांबत होता, पुन्हा वाजत होता. मिरजगावात दुधाची वेळ झाली होती, आणि पडवीतल्या मापावर आज निकिताचा हात असणार होता.

महिला पोलीस आली. चष्मा लावलेली, दमलेली. ती ज्ञानेश्वरीला म्हणाली, "ताई, आत चला. मार कुठंकुठं आहे तो बघून लिहावा लागेल. मग दवाखान्यात जायचं."

ज्ञानेश्वरी उठली. रतनबाईही उठल्या.

"तू नगं," ज्ञानेश्वरी म्हणाली.

ती हे रागाने म्हणाली नाही. राग असता तर रतनबाईंना त्याला उत्तर देता आले असते. मोनिकाने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि दोघी आतल्या खोलीत गेल्या. महिला पोलिसाने दार ओढून पाहिले, पुन्हा ओढले.

"कडी बसत नाही याची," ती रतनबाईंना म्हणाली. "जरा बघा हं आजी, कुणी आत यायला नको."

दार लागले. रतनबाई त्याला पाठ लावून उभ्या राहिल्या. आतून पुटपुटणे ऐकू येत होते, मग हुकांचा आवाज, मग महिला पोलिसाचे "अगं बाई" इतकेच, आणि पुढे काही नाही. रतनबाईंनी पदर डोक्यावरून ओढून दोन्ही कानांवर घट्ट घेतला आणि तो हनुवटीखाली मुठीत धरला.

एक शिपाई फाइल घेऊन व्हरांड्यातून आला आणि दाराशी थांबला.

"बाजूला व्हा, आजी. आत कपाटात ठेवायची आहे."

रतनबाईंना तो काय म्हणाला ते ऐकू आले नसावे. त्यांनी दुसरा हात आडवा करून चौकटीवर टेकवला, आणि त्या तिथून हलल्या नाहीत.